पाला जाळला काय नि कुजवला काय, कार्बन शेवटी हवेतच जातो ना?

प्रश्न पाषाणच्या एका सोसायटीतून आलाय. थोडक्यात असा: 'फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे पाल्याचे ढीग साचतात. कंपोस्ट करू म्हटलं तर समितीतले एक काका म्हणतात, जाळा नाहीतर कुजवा, कार्बन शेवटी हवेतच जाणार, मग खटाटोप कशाला? दुसरं म्हणजे, तलावातली जलपर्णी दरवर्षी काढतात आणि दरवर्षी ती परत येते. कायमची का जात नाही? आणि आमच्या वॉचमनने आधीच जाळलेल्या पाल्याची दोन पोती राख पडून आहे, ती कुंड्यांना घालू का?'

मी सत्तावीस वर्षं माती तपासतोय, मधली काही वर्षं मैलापाण्याच्या कामातही गेली. त्यामुळे हे तीन प्रश्न मला एकाच वहीतले वाटतात.

आधी काकांबद्दल. त्यांना हसू नका, त्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. शंभर किलो वाळलेला पाला घ्या. त्यात साधारण पंचेचाळीस किलो कार्बन असतो. जाळला तर बहुतेक सगळा दहा मिनिटांत वर जातो. कंपोस्ट केला तर तीन-चार महिन्यांत निम्म्याहून जास्त जातो, कारण जिवाणू आणि बुरश्या पाला खातात आणि आपल्यासारखाच श्वास सोडतात. उरलेलं खत मातीत घातलं की तिथेही हे खाणं चालूच राहतं. चार-पाच वर्षांनी पाहिलं तर पंचेचाळीसपैकी पाचेक किलो हाती राहतो. म्हणजे निव्वळ कार्बनच्या हिशोबात काका फार चुकलेले नाहीत. 'कंपोस्ट करा, हवामान वाचवा' असे फलक लावणाऱ्यांनी हा आकडा एकदा कागदावर मांडून बघावा.

पण तो कार्बन मुळात आला कुठून? गेल्या पावसाळ्यात तुमच्याच झाडांनी तो हवेतून घेतला होता. परत गेला, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा येईल. कार्बनला हवेची वाट मोकळी आहे. पाल्यात त्याच्याबरोबर जे असतं त्याचं तसं नाही. शंभर किलो पाल्यात किलोभर नत्र (नायट्रोजन), शंभर ग्रॅमच्या आतबाहेर स्फुरद (फॉस्फरस), शिवाय पालाश (पोटॅशियम), कॅल्शियम आणि बाकीची चिल्लर. जाळलं की नत्र जवळजवळ सगळं वायू होऊन जातं. स्फुरद, पालाश बरेचसे राखेत उरतात, पण राख काही जागेवर बसून राहत नाही. थोडी वाऱ्याने जाते, उरलेली पहिल्या वळवाच्या सरीबरोबर गटारात, गटारातून नाल्यात. हवेत गेलेलं नत्र कधीतरी परत येऊ शकतं, स्फुरद येत नाही. स्फुरदाला व्यवहारात वायुरूपच नाही. तो फक्त उताराच्या दिशेने चालतो. पुण्याचा उतार मुळा-मुठेकडे, मुळा-मुठेचा भीमेकडे आणि भीमेचा उजनी धरणाकडे.

(धुराबद्दल मी इथे लिहीत नाही. ओलसर पाला धुमसतो तेव्हा त्यातून जे निघतं ते तुमच्या इमारतीतल्या दमेकरी आजोबांना विचारा. जाळू नये यासाठी तेवढं कारण पुरेसं आहे.)

आता पान जरा जवळून बघू. मार्चमध्ये सोसायटीतल्या वडाखाली जा. एक हिरवं पान तोडा आणि एक पिवळं, नुकतं गळलेलं उचला. वजनात फारसा फरक नसेल, पण पिवळ्यात नत्र हिरव्याच्या निम्म्याने असतं. गळण्याआधी झाड पानातलं हरितद्रव्य आणि प्रथिनं मोडतं आणि प्रथिनांतलं नत्र, जमेल तेवढा स्फुरद परत फांदीत ओढून घेतं. पान पिवळं दिसतं ते त्यामुळे. घर सोडताना भाडेकरू पंखे-बल्ब काढून नेतो, तसंच. म्हणून गळलेल्या पानात कार्बन भरपूर आणि नत्र थोडं. कार्बन आणि नत्र यांचं प्रमाण, म्हणजे कर्ब-नत्र गुणोत्तर, पन्नास-साठला एक, जाड पानांत त्याहूनही जास्त. जिवाणूचं स्वतःचं शरीर मात्र आठाला एक अशा प्रमाणाचं असतं. त्याच्या दृष्टीने वाळका पाला म्हणजे ताटात नुसता भात, आमटी नाही. रेन ट्री आणि टेकड्यांवर वनखात्याने लावलेला गिरीपुष्प ही शेंगवर्गातली झाडं आहेत, त्यांचा पाला नत्राने श्रीमंत असतो आणि भराभर कुजतो. वड, आंबा, फणस यांची मेणचट पानं वर्षभर हलत नाहीत.

हे गुणोत्तर मी पुस्तकात शिकलो होतो, पण समजलो दौंडकडच्या एका शेतात. नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं, अंगात नवा उत्साह. एका काकांना सांगितलं, उसाचं पाचट जाळू नका, बारीक करून गाडा आणि वर गहू पेरा. पाचटाचं गुणोत्तर शंभराला एकच्या आसपास असतं हे मला पाठ होतं, पण त्याचा अर्थ मी लावला नव्हता. महिन्याभरात गहू पिवळा पडला. जमिनीतल्या जिवाणूंना अचानक एवढा कार्बन मिळाला, तो पचवायला लागणारं नत्र त्यांनी मातीतून उचललं आणि गव्हाला काही उरलं नाही. काका बांधावर उभे राहून म्हणाले, "साहेब, तुमच्या पाचटानं माझा युरिया खाल्ला." मातीशास्त्रात याला पानभर लांब व्याख्या आहे, पण इतकी अचूक नाही. नत्र नष्ट झालं नव्हतं, जिवाणूंच्या अंगात अडकलं होतं. ते मेले की सुटणारच होतं, फक्त गव्हाच्या वेळेत नाही. पाचट आधी दोन-तीन महिने गाडायला हवं होतं किंवा त्याबरोबर थोडा युरिया द्यायला हवा होता. त्या हंगामाचं नुकसान मी त्यांना भरून दिलं नाही, तेवढा पगारही नव्हता. पण तेव्हापासून कोणालाही 'गाडा' सांगताना 'कधी' हे आधी सांगतो.

तेव्हा तुमच्या पाल्याला आमटी द्या. स्वयंपाकघरातला ओला कचरा नत्राने भरलेला असतो. एक बादली ओला, दोन-तीन बादल्या पाला, मधेमधे मूठभर जुनं कंपोस्ट किंवा शेण. जाळीचा पिंजरा चालतो, महागडं यंत्र लागत नाही. ढिगातला मूठभर माल पिळून बघा. बोटांतून एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर, धार लागली तर जास्त, काहीच नाही आलं तर पाणी मारा. चौथ्या-पाचव्या दिवशी आत लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर काम सुरू झालं म्हणायचं, आत पंचावन्न-साठ अंश असतात. अमोनियाचा नाकात जाणारा वास आला तर पाला कमी पडतोय. सडक्या अंड्याचा वास आला तर हवा कमी पडतेय, ढीग उलटा. बाकी सोसायटीचं राजकारण तुम्ही बघा, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

मग मातीत कार्बन टिकतो तरी कसा? आम्ही शिकलो तेव्हा सांगायचे, की कुजण्याच्या शेवटी ह्युमस नावाचा काळा, चिवट पदार्थ बनतो आणि तो कुजतच नाही. आता हे चित्र बरंच बदललं आहे. टिकणाऱ्या कार्बनचा मोठा भाग म्हणजे मेलेल्या जिवाणूंचे आणि बुरश्यांचे अवशेष, चिकणमातीच्या कणांना चिकटलेले किंवा मातीच्या ढेकळ्यांच्या पोटात दडलेले. ते कुजण्यासारखे नसतात असं नाही, त्यांच्यापर्यंत कोणाला पोचता येत नाही एवढंच. या बाबतीत आपली काळी माती नशीबवान. दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेली, फुगणाऱ्या-आक्रसणाऱ्या चिकणमातीची. धरून ठेवायला जागा भरपूर. तरी प्रयोगशाळेत येणाऱ्या नमुन्यांत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असणं नेहमीचंच. अहवालात अर्ध्या टक्क्याखाली 'कमी' आणि पाऊण टक्क्याच्या वर 'जास्त' धरतात. एक कारण ऊन. तापमान दहा अंशांनी वाढलं की जिवाणूंचं खाणं ढोबळमानाने दुप्पट होतं. दुसरं कारण नांगर, जो ढेकळ्यांची पोटं फोडतो. तिसरं, आपण शेतातून सगळं उचलून नेतो, कडब्यापासून तुराट्यांपर्यंत.

हा कर्ब वाढवणं किती जड आहे तेही बघा. एकरभर जमिनीचा वरचा सहा इंचांचा थर म्हणजे साधारण आठ लाख किलो माती. कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर आठशे किलो कार्बन तिथे टिकायला हवा. वर सांगितलं तसा नवव्या-दहाव्या हिश्शाने टिकतो असं धरलं, तर पंधरा टनांच्या पुढे कोरडा पाला लागेल. म्हणून कोणी एका पावसाळ्यात कर्ब दुप्पट करून देतो म्हणाला, तर त्याच्या बाटलीवरचं लेबल नीट वाचा.

पावसावरून आठवलं. मृगाच्या पहिल्या सरीचा जो वास आपल्याला वेड लावतो तो मुख्यतः मातीतल्या एका गटातल्या जिवाणूंचा, त्यांनी बनवलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. त्याच वेळी, वास न येता, आणखी एक गोष्ट घडत असते. उन्हाळाभर कोरड्या मातीत उपाशी किंवा मेलेले जिवाणू पडलेले असतात. पाणी पडताच उरलेले जागे होतात, मेलेल्यांवर ताव मारतात आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रेट यांचा एकदम लोंढा सुटतो. केनियात काम करणाऱ्या बर्च यांनी १९५८ मध्ये हे मोजून दाखवलं, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. धूळपेरणी करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला नाव माहीत नव्हतं, पण पहिल्या पावसाचा फायदा पिकाला मिळावा म्हणून बी आधीच जमिनीत ठेवायची त्याची रीत होतीच. ज्या जमिनीवर तेव्हा मुळंच नसतात तिथलं ते नायट्रेट पाण्याबरोबर निघून जातं. टेकडीवर मार्चमध्ये वणवा लागून गेला असेल तर राख आणि नायट्रेट दोन्ही एकदम खाली येतात. जून-जुलैत वेताळ टेकडीच्या जळलेल्या उतारावरून आलेलं पाणी आणि गवत असलेल्या उतारावरचं पाणी बाटल्यांत शेजारी ठेवून बघा, प्रयोगशाळेची गरज पडणार नाही.

आगीला सरसकट शिव्या द्याव्यात असंही नाही. मुळशी, वेल्हे, मावळात भाताच्या रोपासाठी राब भाजतात. झाडाचे टहाळे, शेण, गवत, पाला एका छोट्या वाफ्यावर पसरून जाळायचा. नत्र जातं, पण तणाचं बी मरतं आणि आसपासच्या रानातला स्फुरद-पालाश त्या दोन-तीन गुंठ्यांत गोळा होतो. तांबड्या, धुऊन निघालेल्या घाटमातीत त्याला मोल आहे. ताम्हिणीत वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, पुणे शहरात सातशेच्या आसपास. तिथल्या जंगलाची श्रीमंती मातीत खोल साठलेली नसते, ती वरच्या पाल्याच्या थरात आणि त्यात विणलेल्या मुळा-बुरश्यांच्या जाळीत फिरत असते. पान कुजताना त्यातलं अन्न मुळं जवळपास हातोहात घेतात, पाण्याला पळवायला संधीच देत नाहीत. माधव गाडगीळ आणि वर्तक यांनी १९७०च्या दशकात ज्या देवरायांकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं, त्यातल्या एखादीत पायाने पाला बाजूला सारून बघा. वरचं पान अख्खं, खालचं जाळीदार, त्याखाली काळा चुरा आणि त्यात पांढरे धागे. देवाच्या भीतीने काडीही बाहेर नेत नाहीत, म्हणून तो हिशोब तिथल्या तिथे मिटतो. राबामुळे रान उघडं पडतं हे खरंच, पण राब भाजणाऱ्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या फ्लशचा हिशोब द्यावा.

आणि इथे तुमची जलपर्णी येते.

पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत मिळून अठ्ठेचाळीस लाखांवर होती. माणूस दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं खातो असं धरा. प्रथिनांत सोळा टक्के नत्र असतं, म्हणजे साडेनऊ ग्रॅमच्या वर. वाढ थांबलेला माणूस जेवढं खातो तेवढं बाहेर टाकतो. अठ्ठेचाळीस लाखांचं मिळून दिवसाला सेहेचाळीस टन नत्र. युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या गोण्यांत मोजलं तर बावीसशे गोण्या, रोज. स्फुरद माणशी ग्रॅमभर धरला तर पावणेपाच-पाच टन. २०११ नंतर शहर किती फुगलं ते तुम्ही रोज ट्रॅफिकमध्ये बघता.

यातला स्फुरद कुठला? आपला देश रॉक फॉस्फेट हा स्फुरदाचा दगड आणि डीएपी हे स्फुरदाचं तयार खत मोठ्या प्रमाणात बाहेरून आणतो. मोरोक्को किंवा जॉर्डनच्या खाणीतला दगड, त्याचं खत, ते जुन्नरच्या कांद्याला किंवा बारामतीच्या उसाला, तिथून मार्केट यार्ड, तिथून तुमचं ताट, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रेनेज. मैलाशुद्धीकरण केंद्रात सेंद्रिय घाण उतरते, वास जातो, पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं. पण नेहमीच्या पद्धतीच्या केंद्रात विरघळलेला स्फुरद बराचसा तसाच पुढे जातो, त्याच्यासाठी वेगळी सोय लागते. जे पाणी केंद्रापर्यंत पोचतच नाही ते तर थेट. तुमच्या तलावाला रामनदी पाणी देते, आणि भूगाव-बावधनकडून येताना तिच्यात काय काय मिसळतं ते तिच्या काठाने चालणाऱ्याला नाकानेच कळतं.

जलपर्णीला दोष देणं म्हणजे तापमापकाला ताप आला म्हणण्यासारखं आहे. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती, ऊन आणि खत मिळालं की एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. मग ती काढून किती खत बाहेर जातं? दहा टनांचा एक ट्रक घ्या. त्यात चौऱ्याण्णव टक्के पाणी. सुकं उरतं सहाशे किलो. त्यात नत्र बारा किलो आणि स्फुरद अडीच किलोच्या आत. शहरातून निघणारा पाच टन स्फुरद नुसत्या जलपर्णीने उचलायचा म्हटलं तर रोज दोन हजार ट्रक लागतील. तरी काढावी, कारण तिच्याखाली उजेड आणि हवा पोचत नाही, मासे गुदमरतात, डास माजतात. पण ती काढून काठावर रचून ठेवण्याची जी पद्धत आहे, ती पाहून मला चीड येते. आठ दिवसांत ढीग सडतो, काळं पाणी सुटतं आणि सगळा माल परत तलावात. तणनाशक मारणं तर त्याहून वाईट. सगळं एकदम मरून तळाशी बसतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो.

आणि वरून येणारं मैलापाणी उद्या पूर्ण बंद केलं तरी तलाव लगेच निवळणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. आपला गाळ लोहाने भरलेला, बेसॉल्टची देणगी. पाण्यात प्राणवायू असतो तोवर गाळातलं गंजासारखं लोह स्फुरदाला धरून ठेवतं. तळाचा प्राणवायू संपला की लोहाचं रूप बदलतं, ते विरघळतं आणि धरलेला स्फुरद सोडून देतं. म्हणजे वर्षानुवर्षं तळाशी ठेव म्हणून बसलेला माल उन्हाळ्यात व्याजासकट बाहेर पडतो. त्याच तळात नायट्रेट मोडून नत्र वायू हवेत निघून जातो आणि मिथेनचे बुडबुडे येतात. नत्र सुटलं, कार्बन सुटला, स्फुरद मात्र तिथेच. म्हणून सांडपाणी अडवणं आणि गाळ काढणं ही दोन्ही कामं झाल्याशिवाय जलपर्णीचं कंत्राट दरवर्षी निघत राहणार.

इथून सुटलेलं पाणी मुळेतून संगमाला, पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेत आणि शेवटी उजनीच्या फुगवट्यात. भिगवणला रोहित पक्षी बघायला जाता ना, तिथलं हिरवट पाणी, शेवाळ, चिलापी मासा या सगळ्यांत तुमच्या-माझ्या ताटातलं काही ना काही आहे. उतारावरून गेलेला स्फुरद परत चढावर येण्याच्या वाटा मोजक्याच. मासळीची पाटी बाजारात येते ती एक. उन्हाळ्यात धरणातला गाळ ट्रॅक्टरने शेतात नेतात ती दुसरी, आणि 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही राज्याची योजना मला त्यासाठीच आवडते. शहराखालच्या पाण्यातला गाळ मात्र आधी तपासून घ्यावा, त्यात कारखान्यांचे जड धातू असू शकतात.

तुमच्यापुरतं सांगायचं तर योगायोग छान आहे. ताज्या जलपर्णीचं कर्ब-नत्र गुणोत्तर वीस-पंचवीसला एक, पण ती भिजलेल्या स्पंजसारखी, एकटी टाकली तर नुसती सडते. तुमचा पाला कोरडा आणि नत्राने गरीब. ट्रकवाल्याशी बोलून थोडी जलपर्णी मागवा, काठापासून लांब दोन-तीन दिवस उन्हात पसरून मरगळू द्या, कोयत्याने तुकडे करा आणि पाल्याच्या थरांत घाला. तयार खत रस्त्याकडेची झाडं, लॉन, फुलझाडं यांना. पालेभाजीला नको, कारण पाण्यातले धातू ही वनस्पती शोषून ठेवते.

राहिली राख. कुंड्यांना घालू नका. राख अल्कधर्मी असते, आणि पुण्याची काळी माती बेसॉल्टातल्या कॅल्शियममुळे, चुनखडीमुळे आधीच आठच्या आसपासच्या सामूची (पीएचची). बोअरचं जड पाणी देत असाल तर कुंडीतला सामू त्याच्याही वर असेल. वर आणखी राख टाकली की लोह आणि जस्त मुळांना मिळेनासं होतं, मोगऱ्याची नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात आणि माणूस आणखी खत घालत बसतो. वेल्ह्याच्या तांबड्या मातीत भात लावणारं ओळखीचं कोणी असेल तर पोती त्यांना द्या. नाहीतर कंपोस्टच्या प्रत्येक थरावर मूठभर भुरभुरवा, त्याहून जास्त नको, आणि पावसाळ्याआधी दोन्ही पोती संपवा.